बॅट मोडली म्हणून वांग हरला का? (पॅरिस ऑलिंपिक, टेबल टेनिस)

नेटकॉर्ड | ३१ जुलै २०२४

लोकहो, आजची मॅच कोणी बघितली का? पुरुष एकेरी, शेवटचे ३२. एका बाजूला जगातला एक नंबर वांग चुछिन, समोर स्वीडनचा त्रुल्स मोरेगार्ड, रँकिंग २६. आणि वांग ४-२ ने बाहेर! टीम इव्हेंट आहे अजून, पण एकेरीचं दुकान बंद.

ज्यांनी फॉलो केलं नाही त्यांच्यासाठी: काल ह्याने आणि सुन यिंगशाने मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं, उत्तर कोरियाच्या जोडीला ४-२ हरवून. लगेच फोटोग्राफर मंडळींची झुंबड उडाली आणि त्या गर्दीत ह्याची बॅट तुडवली गेली. ब्लेडच (रबराखालची लाकडी फळी) मोडलं. गडी असला भडकला होता की कोचने धरून शांत केलं. नंतर म्हणाला की त्यांनी मुद्दाम केलं नाही, स्पेअर बॅटनेही मी चांगला खेळू शकतो. आणि आज हे असं.

मी जिमखान्यात आठवड्यातून तीनदा खेळतो, लेव्हल म्हणजे 'बरा आहे'. गेल्या वर्षी माझी बॅट लोकलमध्ये राहिली ती राहिलीच. महिनाभर मित्राची वापरली, तेच ब्लेड, तीच रबरं, तरी सर्व्हिस रिसीव्ह करताना बॉल प्रत्येक वेळी चार बोटं वर उडायचा. मला 'बरा'पासून 'बिचारा'पर्यंत यायला एक महिना पुरला. मग ऑलिंपिकमध्ये, एका रात्रीत बॅट बदलून? माझं मत बॅटला. तुम्हाला काय वाटतं?

बारक्या | ३१ जुलै २०२४

नाचता येईना, बॅट वाकडी :)

फिरकीबाज | ३१ जुलै २०२४

नेटकॉर्ड, पूर्ण मॅच बघितलीत का हायलाइट्स? कारण पहिले दोन गेम त्रुल्सने घेतले, मग पुढचे दोन वांगने घेतले, २-२ झालं, आणि मग त्रुल्सने परत दोन. म्हणजे ज्या बॅटने हरला त्याच बॅटने तो ०-२ वरून २-२ ला आला ना! मोडकी बॅट मधले दोन गेम सुटीवर गेली होती का?

ह्या लोकांकडे स्पेअर बॅट म्हणजे आपल्यासारखी माळ्यावरची नसते. रबरं तर ते दर थोड्या दिवसांनी बदलतातच, स्पेअरनेही प्रॅक्टिस करतात. त्रुल्स चांगला खेळला एवढं सरळ मान्य करायला काय हरकत आहे? त्याच्या सर्व्हिस बघा, एकच ॲक्शन, त्यात कधी फिरकी आहे कधी काहीच नाही, वांगसारखा माणूस बॉल चक्क नेटमध्ये घालत होता.

नेटकॉर्ड | ३१ जुलै २०२४

पूर्ण बघितली, ऑफिसमधून, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून. २-२ चा मुद्दा बरोबर आहे पण मला तो उलटाही दिसतो. दोन गेम बॅटचा अंदाज येण्यात गेले, आला तोवर समोरच्याला आत्मविश्वास आलेला.

तिखटमीठ | ३१ जुलै २०२४

मला ह्या खेळातलं ओ की ठो कळत नाही पण एक शंका. बॅट म्हणजे लाकडाची फळी आणि दोन रबरं ना? मग एकासारखी दुसरी का होत नाही? क्रिकेटवाले पण बॅटा बदलतातच की, अगदी षटकाच्या मध्ये.

पेनहोल्ड_काका | १ ऑगस्ट २०२४

तिखटमीठ ताई, चांगला प्रश्न. थोडं लांबेल.

नियमाप्रमाणे बॅट कुठल्याही आकाराची, मापाची, वजनाची चालते. फक्त ब्लेड सपाट आणि कडक हवं आणि त्याच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवं. घोळ ह्या शब्दात आहे, नैसर्गिक. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन ब्लेडं घ्या, वजनात पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो. झाड काही फॅक्टरीत ओतलेलं नसतं. मी मुलांना बॅट घेऊन द्यायला दुकानात जातो तेव्हा माठ घेताना जसं टिचकी मारून ऐकतो तसं ब्लेड वाजवून बघतो. काही खणखणीत बोलतात, काही बद्द. दुकानदार माझ्याकडे वेड्यासारखा बघतो, बघू दे.

वर रबर, स्पंजसकट जास्तीत जास्त ४ मिमी. बॉल ४० मिमीचा, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आत. एवढीशी वस्तू एवढ्या वेगाने येते तेव्हा ती रबरात किती रुतणार आणि कधी सुटणार हे हाताला आधीच माहीत असावं लागतं, डोक्याला विचारायला वेळ नसतो. क्रिकेटमध्ये कड लागली तर चौकारही मिळतो. इथे अर्धा सेंटिमीटर चुकलात की समोरचा स्मॅश मारायला उभाच.

तरीपण माझं मत फिरकीबाजांच्या बाजूने. बॅटचा फरक असेल तर तो शॉर्ट बॉलवर (नेटजवळ पडणाऱ्या) दिसायला हवा होता, पहिल्या गेममध्येच. वांग मला शॉर्ट बॉलवर ठीक वाटला, पण लांब रॅलीत उशिरा पोचत होता. तीन इव्हेंट खेळतोय तो. आदल्या दिवशी सुवर्णपदक, रात्री झोप लागली असेल का? पाय थकले की बॅट चांगली असून काय उपयोग.

बारक्या | १ ऑगस्ट २०२४

काका, बायको म्हणते तुम्ही माठाच्या दुकानात बॅटीसारखं वाजवत असाल.

पेनहोल्ड_काका | १ ऑगस्ट २०२४

ती बरोबर बोलतेय.

साळुंकी | १ ऑगस्ट २०२४

तुमचं ब्लेड-रबर चालू द्या, पण काल आपल्या दोघी शेवटच्या १६ मध्ये होत्या त्याचं कोणालाच कौतुक नाही का? ऑलिंपिक एकेरीत त्या टप्प्यावर भारतातून ह्याआधी कोणीच पोचलं नव्हतं, बाई ना बुवा. आधी मनिका बत्रा, फ्रान्सच्या प्रीतिका पवाडला तिच्याच गावात ४-० हरवून. प्रीतिकाचे आईवडील मूळचे पुदुच्चेरीचे, त्यामुळे कोणासाठी ओरडावं ते मला दोन मिनिटं कळेना. मग श्रीजा अकुला, सिंगापूरच्या झेंग जियानला ४-२, ते पण स्वतःच्या वाढदिवशी.

मनिका जपानच्या हिरानोकडून हरली, श्रीजा सुन यिंगशाकडून. पण श्रीजाचे पहिले दोन गेम १०-१२, १०-१२! जगातल्या एक नंबरला! घरातले सगळे झोपलेले आणि मी उशीत तोंड खुपसून ओरडत होते.

फिरकीबाज | १ ऑगस्ट २०२४

साळुंकी +१०००. पण खरं सांगू, १०-१२ हे आपल्याला 'अगदी थोडक्यात' वाटतं, चिनी लोकांना तो नेहमीचा स्कोअर वाटतो. दहा-दहा झालं की ह्यांचा खेळ सुरू होतो. तिथून पुढचे दोन पॉइंट त्यांनी लहानपणापासून लाख वेळा खेळलेले असतात.

आजीचा_अडकित्ता | १ ऑगस्ट २०२४

बॅटवरून आठवलं. आमच्याकडे काकाची साठ-सत्तरच्या दशकातली बॅट होती, कॉलेजात बक्षीस मिळालेली, हँडलला निळी चिकटपट्टी. काका नोकरीला बाहेरगावी गेला आणि आजीने त्या बॅटने शेंगदाण्याचा कूट करायला सुरुवात केली. पाट्यावर दाणे पसरायचे आणि बॅटने दाबत फिरवायची. टोचे असलेलं रबर होतं, दाणे घसरायचे नाहीत म्हणे. दिवाळीला काका आला, बॅट शोधत स्वयंपाकघरात गेला आणि बाहेर आला तो काही बोललाच नाही दोन दिवस. फराळही नको म्हणाला.

त्यामुळे वांगचं दुःख मी समजू शकतो.

तिखटमीठ | १ ऑगस्ट २०२४

हाहाहा अडकित्ता, कूट कसा व्हायचा पण? जाडसर ना? खिचडीला तसाच लागतो.

पेनहोल्ड_काका | १ ऑगस्ट २०२४

शॉर्ट पिंपल, म्हणजे आखूड टोचे असणार ते. लाँग पिंपलने दाणे उडाले असते.

गोटेबोर्गकर | १ ऑगस्ट २०२४

स्वीडनमधून हजेरी. इकडे सध्या लोक सुटीवर, गावं ओस, पण काल संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या तळघरातलं टेबल (कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या शेजारी असतं ते) दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पुसलेलं दिसलं.

इथल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांना टेबल टेनिस म्हटलं की एकच नाव, वाल्डनर. १९९२ च्या बार्सिलोनातलं पुरुष एकेरीचं सुवर्ण, आशियाबाहेर गेलेलं ते एकमेव. मग २००० ला सिडनीत रौप्य. त्यानंतर इथे सगळा अंधारच होता म्हणा. त्रुल्स स्मोलँडमधल्या होव्हमान्तोर्प नावाच्या छोट्याशा गावातला पोरगा. २०२१ ला वर्ल्ड चँपियनशिपच्या फायनलला गेला होता, तेव्हाही सगळे म्हणाले लॉटरी लागली.

आणि गंमत बघा, सगळा धागा वांगच्या बॅटवर चाललाय, त्रुल्सच्या बॅटवर कोणी बोलतच नाही! षट्कोनी आहे ती! गोल नाहीच. स्वीडिश कंपनीचीच. वरचा भाग रुंद, त्यामुळे म्हणे बॉल नीट बसायची जागा थोडी टोकाकडे सरकते. मी इथल्या क्लबात एकाची हातात घेऊन बघितली, दोन पॉइंट खेळलो, बॉल छताला.

नेटकॉर्ड | १ ऑगस्ट २०२४

घ्या! म्हणजे बॅटनेच जिंकला आणि बॅटनेच हरला. माझा मुद्दा सिद्ध. धागा बंद करा.

फिरकीबाज | १ ऑगस्ट २०२४

कसला सिद्ध. षट्कोनी बॅट घेऊन मीही उभा राहीन की उद्या.

आणि ते सगळं सोडा, चीनचा फान झेनडाँग विरुद्ध जपानचा हारिमोतो बघा जमलं तर!!! आत्ताच संपली. हारिमोतोने पहिला गेम ११-२ मारला, दुसरा ११-९. मला वाटलं एकाच स्पर्धेत दोन्ही चिनी गडी बाहेर, कारण एकेरीत एका देशाचे दोनच खेळाडू पाठवता येतात. मग फानने टॉवेल घेतला, पाणी प्यायला, चेहऱ्यावरची माशी हलली नाही, आणि तिथून ४-३. शेवटचे दोन्ही गेम ११-७. पाचवा ४-११ हरून सुद्धा. मी गेली तीस वर्षं हा खेळ बघतोय, अशा पाच-सहाच मॅच असतील.

पॅरिसची_पमी | ५ ऑगस्ट २०२४

काल प्रत्यक्ष हॉलमध्ये होते, पोर्त द व्हर्सायला. ब्राँझची मॅच आणि फायनल एकाच तिकिटावर. सविस्तर लिहिते कारण टीव्हीवर हे कळत नाही.

आधी फेलिक्स लब्रुन विरुद्ध ब्राझीलचा काल्देरानो. फेलिक्स सतरा वर्षांचा, चष्मा, अंगकाठी अशी की वाटावं दहावीचा क्लास बुडवून आलाय. आणि बॅट धरतो ती पेन धरतात तशी, जी पद्धत आता चीनमध्येही मागे पडलीय. लहानपणी मोंपेलिएच्या क्लबमधल्या एका चिनी खेळाडूचं बघून उचलली म्हणतात. लोक बाकांवर पाय आपटत होते. दहा मजली इमारतीला पाइलिंग चालू असतं ना तसा आवाज, आणि फेलिक्सने सर्व्हिससाठी बॉल तळहातावर ठेवला की एकदम चिडीचूप. इतकी शांतता की बॉल टेबलावर पडलेला वरच्या रांगेत ऐकू येतो. मग पॉइंट, मग परत पाइलिंग. काल्देरानोचं वाईट वाटलं, सेमीत त्रुल्सकडून हरून आलेला, त्याचं डोकं तिथेच अडकलेलं दिसत होतं. ४-० झाली.

फायनल फान ४-१. त्रुल्सने पहिला गेम घेतला तेव्हा हॉल पुन्हा पेटला होता, पण नंतर फानने दोर कापल्यासारखं केलं. माझ्या शेजारी एक चिनी काकू होत्या, पिशवीतून भोपळ्याच्या बिया काढून खात होत्या. प्रत्येक गेम संपला की मूठभर मला द्यायच्या, भाषेचा संबंध नाही. शेवटच्या पॉइंटला त्या रडल्या आणि बिया सगळ्या खाली सांडल्या.

वांगबद्दल: हॉलच्या बाहेर लोक त्याच्या बॅटीबद्दलच बोलत होते, फ्रेंचमध्ये, चिनीत, सगळ्यांत. नेटकॉर्ड, तुम्ही एकटे नाही :)

साळुंकी | ५ ऑगस्ट २०२४

पमी, काय लिहिलंयस! बायांच्या फायनलला होतीस का? चेन मेंग आणि सुन यिंगशा. टीव्हीवर ऐकू आलं की चेन मेंग जिंकत होती आणि तिच्याच देशाचे लोक तिची हुर्यो उडवत होते.

पॅरिसची_पमी | ५ ऑगस्ट २०२४

नव्हते गं, तिकीट नाही मिळालं. पण मैत्रीण होती, ती म्हणाली नव्वद टक्के हॉल सुनचा. चेन मेंगने चांगला शॉट मारला की मोजून टाळ्या. आणि तरी ४-२ जिंकली, टोकियोतही हिलाच ४-२ हरवलं होतं. सलग दोन ऑलिंपिक एकेरी सुवर्णं, आणि घरचेच लोक नाराज.

अर्धापेला | ७ ऑगस्ट २०२४

त्या प्रकरणात बीजिंग पोलिसांनी एका बाईला ताब्यात घेतलंय, खेळाडू आणि कोचबद्दल ऑनलाइन वाट्टेल ते लिहिलं म्हणून. आपल्याकडे हा नियम लावला तर वर्ल्डकपची फायनल हरल्यावर अर्धी आळी आत जाईल.

असो. आज आपल्या मुली टीम इव्हेंटच्या क्वार्टरफायनलला जर्मनीकडून १-३ हरल्या. परवा रोमेनियाला ३-२ हरवलं तेव्हा आमच्या घरात सत्यनारायण घालायची चर्चा झाली होती. आज एकटी अर्चना कामत जिंकली. आणि माझा जुना प्रश्न, आयहिका मुखर्जीला राखीव का ठेवलं? फेब्रुवारीत बुसानला तिनेच ह्या सुन यिंगशाला ३-१ हरवलं होतं ना?

पेनहोल्ड_काका | ७ ऑगस्ट २०२४

अर्धापेला, निवड रँकिंगवर झाली आणि अर्चनाचं रँकिंग वर होतं. आज जिंकलेली तीच एकटी, तेव्हा तिच्यावर राग नको.

पण आयहिकामुळे बॅटचा विषय परत निघाला ते बरं झालं. ती एका बाजूला अँटी-स्पिन रबर वापरते. म्हणजे गुळगुळीत, निर्जीव. समोरच्याने जीव खाऊन फिरकी टाकावी आणि बॉल असा परत यावा की जणू फिरकी नावाची गोष्टच जगात नाही. त्यात ही बॅट हातातल्या हातात फिरवते, कुठल्या बाजूने लागला ते रंगावरून ओळखा. जुन्या काळी दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालायच्या, तेव्हा तर आवाजावरून ओळखायला लागायचं, आणि आवाज कळू नये म्हणून सर्व्हिस करताना लोक पाय आपटायचे! मग नियम झाला, दोन बाजू दोन रंग, एक काळीच हवी.

सर्वात मोठं बॅट-प्रकरण तर आपल्या मुंबईतच झालंय. १९५२ ची वर्ल्ड चँपियनशिप मुंबईला होती, आशियात पहिल्यांदाच. जपानचा हिरोजी सातो, चष्मेवाला, किरकोळ देहाचा, जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोवर सगळे टोच्यांच्या कडक रबराने खेळायचे, टक-टक-टक असा आवाज. सातोच्या बॅटला आवाजच नाही. समोरच्याला बॉल किती जोरात लागला हेच कळेना. युरोपचे भलेभले आले आणि गेले, आणि सातो विश्वविजेता. माझ्या वडिलांनी बघितलं होतं. ते सांगायचे की प्रेक्षक पण गोंधळले होते, टाळी कधी वाजवायची तेच समजेना, कारण शॉट लागला हे कानाला कळायच्या आत पॉइंट झालेला असायचा. १९५९ ला मग स्पंजच्या जाडीला बंधन आलं.

तेव्हाही हरलेल्यांनी बॅटलाच दोष दिला होता. ते मात्र खरंच बरोबर होते.

बारक्या | ७ ऑगस्ट २०२४

काका हे वाचून मी ऑफिसातल्या टेबलवर सोफ्याचा फोम बॅटला लावून खेळलो. एचआरने बोलावलंय.

गोटेबोर्गकर | १० ऑगस्ट २०२४

टीम फायनल: चीन ३, स्वीडन ०. पाचही सुवर्णं चीनकडे. मा लाँगचं सहावं ऑलिंपिक सुवर्ण. तळघरातल्या टेबलवर परत कोणाचं तरी ब्लँकेट वाळत घातलंय.

अर्धापेला | २४ ऑगस्ट २०२४

बातमी वाचली का? अर्चना कामत खेळ सोडून शिकायला अमेरिकेला चालली. चोवीस वर्षांची. मी तिच्याबद्दल वर जे लिहिलं ते मागे घेतो. ऑलिंपिक क्वार्टरफायनल खेळलेल्या मुलीला ह्या खेळात पुढे पोटापाण्याचं दिसत नसेल तर बोलायचं काय.

साळुंकी | २४ ऑगस्ट २०२४

खरं आहे. माझी भाची स्टेट लेव्हलला खेळते. दोन रबरं आठ-नऊ हजार, तीन महिन्यांत गुळगुळीत. बहीण म्हणते हिच्या बॅटीला जेवढं लागतं तेवढ्यात दोघींचा किराणा होतो. मध्ये एका स्पर्धेला गेलो तिथे हॉलमध्ये पंखे चालू ठेवले होते, बॉल हवेत वळायचा. आयोजकांना सांगितलं तर म्हणे दोघींना सारखंच वारं आहे ना.

तिखटमीठ | २४ ऑगस्ट २०२४

हे 'दोघींना सारखंच वारं' मी घरी वापरणार आहे.

साळुंकी | २७ मे २०२५

नऊ महिन्यांनी धागा वर काढतेय, कारण आहे. दोहाची वर्ल्ड चँपियनशिप परवा संपली. सेमीफायनल कोणाची होती? वांग चुछिन विरुद्ध त्रुल्स मोरेगार्ड! बॅट शाबूत. निकाल वांग ४-०. चार-शून्य! फायनलमध्ये काल्देरानोलाही ४-१ हरवून विश्वविजेता.

नेटकॉर्ड कुठे आहात?

नेटकॉर्ड | २७ मे २०२५

इथेच आहे, पेढे घेऊन उभा. मी काय म्हणत होतो ३१ जुलैला? फिरकीबाज, बोला आता.

फिरकीबाज | २७ मे २०२५

अहो पण एप्रिलमध्ये मकावला वर्ल्डकपची सेमी झाली, त्यात ह्याच काल्देरानोने ह्याच वांगला ४-३ हरवलं. मग फायनलला लिन शिडाँगला ४-१. अमेरिका खंडातला पहिला वर्ल्डकप विजेता. तेव्हा कोणाच्या पायाखाली आली होती बॅट? एका निकालावरून सिद्ध होत असेल तर ह्या निकालावरून असिद्ध.

पेनहोल्ड_काका | २७ मे २०२५

मी पॅरिसची ती मॅच परत बघितली, दोनदा. माझं मत थोडं बदललंय. पहिला गेम १०-१२ गेला, त्यात शेवटाकडे वांगने एक शॉर्ट रिसीव्ह वर उडवला आणि बॉलकडे न बघता बॅटीकडे बघितलं. अर्धा सेकंद. बॅटमध्ये काही खोट नसेलही, पण त्या पॉइंटला त्याच्या डोक्यात बॅट होती. नेटकॉर्ड, तुम्हाला अर्धा गुण.

नेटकॉर्ड | २७ मे २०२५

अर्धा चालेल. काकांकडून अर्धा म्हणजे डिस्टिंक्शन.

अर्धापेला | २८ मे २०२५

अवांतर: आपल्या मुंबईच्या दिया चितळेने मानुष शाहबरोबर एप्रिलमध्ये ट्युनिसला मिश्र दुहेरीचं विजेतेपद घेतलं, फायनलला जपानची जोडी हरवून, त्यावर धागा का नाही? २०२८ ला लॉस एंजेलिसला दुहेरी परत येतेय, मिश्र टीमपण आहे. पुरुष आणि महिला टीम मात्र गेल्या. आपल्याला हे फायद्याचं वाटतंय मला.

साळुंकी | २८ मे २०२५

काढ ना तूच धागा, येतो सगळे.

आजीचा_अडकित्ता | २८ मे २०२५

मध्ये काकाकडे गेले होते, त्याला हा धागा वाचून दाखवला. ऐंशीचा आहे. सातोचं वाचून म्हणाला 'हो हो, ऐकलंय', आणि मग आत जाऊन ती बॅट घेऊन आला. मला वाटलं होतं आजीनंतर फेकली असेल. टोच्यांमध्ये अजून दाण्याची सालं अडकलेली आहेत.

पेनहोल्ड_काका | २८ मे २०२५

काढू नका ती सालं.

नेटकॉर्ड | २८ मे २०२५

पुणे-मुंबईवाले, रविवारी सकाळी सात वाजता जिमखान्यात दोन टेबलं घेऊन ठेवलीत, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. अडकित्ता, काकांना आणता आलं तर आणाच. बॅट ज्याची त्याने आणावी, मी माझी कोणाला देणार नाही.

बारक्या | २८ मे २०२५

फोमवाली चालेल का?